सहापैकी एक

शालीकराम सरांनी लाकडी पट्टीने ओमेश्वरीची बोटे की-बोर्डवर सरळ केली.

"हलवत राहायची. थांबायचं नाही. साहेबांनी विचारलं तर सांगायचं, टायपिंग करून राहिली."

ओमेश्वरीने समोरच्या काळ्या काचेकडे पाहिले.

"पण सर, हा तं बंद आहे."

"तुले काय करायचं आहे? तू हात हलव."

डी.एड. कॉलेजच्या त्या खोलीत सहा संगणक होते आणि चालणारा एकच. बाकीचे पाच दोन वर्षे प्लास्टिकची आवरणे पांघरून बसले होते. सकाळी आवरणे काढली तेव्हा एकाच्या मागे पालीची अंडी निघाली. मुलींनी संगणक पाहिला होता तो वहीत, स्केचपेनने रंगवलेला, आणि गुण मिळाले होते त्या चित्राला. जूनपासून याच मुली शाळांमध्ये संगणक शिकवणार होत्या. चालणाऱ्या संगणकावर अल्काला बसवले होते, कारण ती देवरीच्या क्लासमध्ये शिकून आली होती. बाकीचे दुरुस्त करा, म्हणून तिने सरांना तीनदा सांगितले होते. कॉलेज तपासायला समिती येऊ दे, एवढेच उत्तर मिळाले होते. म्हणून ती आजच्या दिवसाची वाट पाहत होती.

समितीचे साहेब जेवण उरकून, दात कोरत आत आले. ओमेश्वरीच्या मागे थांबले. डोक्यावर पंखा गरगरत होता, त्यामुळे लाइट गेल्याचे सांगायचीही सोय नव्हती.

"काय चाललंय?"

"टायपिंग करून राहिली, सर."

"वा. स्पीड चांगली आहे."

शालीकराम सर मोठ्याने हसले. अल्काला किळस आली, जेवताना ताटात केस निघाल्यावर येते तशी. तरी तिला वाटले, साहेबांनी नीट पाहिले नसेल. तिने हात पुढे करून आपला संगणक बंद केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"काऊन बंद केला वं?" ओमेश्वरी कुजबुजली.

"पाहू दे ना त्यायले."

साहेब अल्काकडे आले. अगदी मागे उभे राहिले. काळ्या काचेत त्यांना आपला चेहरा दिसला. त्यांनी भांगावरून हात फिरवला, मग काचेतूनच अल्काकडे पाहिले. ती नजर हटवत नव्हती. सर घाईने पुढे झाले, पण साहेबांनी त्यांना थांबवले.

"असू द्या. कोणाच्या हातात आहेत हिचे मार्क?"

"माझ्याच, सर. पन्नास."

साहेब वाकले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास येत होता.

"बेटा, हात वर ठेव. फोटो घ्यायचा आहे."

सरांनी कॅमेरा आणला. अल्काचे हात मांडीवरून उठायला वेळ लागला, पण उठले.

"थोडं हस."

समितीच्या अहवालात पहिल्याच पानावर तो फोटो आहे. अल्का त्यात छान हसली आहे.