नॉर्मनचं ‘म्म्’

नॉर्मन हेपलच्या तोंडून सुखदुःखाला एकच उद्गार निघे, ‘ओह.’ पोरगी झाली तेव्हा ओह, कोळशाची खाण बंद पडली तेव्हाही ओह. बायको, एनिड, करवादायची, “अहो, माझ्या सूपला तरी कधी ‘म्म्’ म्हणा! जीभ झिजते का?”

त्याचा सगळा जीव परसातल्या लीकवर. लीक म्हणजे कांद्याची थोरली बहीण. उद्या गावच्या क्लबात थोराड लीकची स्पर्धा होती. त्याने मांडीएवढी लीक उपटली, न्हाऊ घातली, ओल्या फडक्यात गुंडाळून ओट्यावर ठेवली आणि तो केस कापायला गेला.

एनिडला वाटलं, मेल्याला एकदाची बायको आठवली, माझ्या सूपला लीक आणून ठेवली! तिने लीक चिरून सूपला टाकली.

नॉर्मन परतला. त्याने रिकामं फडकं पाहिलं, मग पातेलं.

“ओह.”

ही उद्याच्या स्पर्धेची लीक होती, हे एनिडला आत्ता उमगलं. तो टेबलाशी बसला. तिने वाढलं आणि स्वतःही एक चमचा तोंडात घातला. चव ओल्या सुंभासारखी होती.

“म्म्!” नॉर्मन मोठ्याने म्हणाला. “अगं, अजून वाढ.”