सफरचंदाच्या बागेतली नवी तार

सासरे आणि जावई यांच्यात बोलणं बंद होतं. कारण एवढंच, की जावयाने एकदा चार पाहुण्यांत सासऱ्यांच्या बागेतली सफरचंदं आंबट म्हटली होती. जावई हेलिकॉप्टरमधून बागांवर औषध फवारायचा, सासऱ्यांच्या बागेवरही तोच. जेवण एकाच टेबलावर, पण मीठ हवं असलं तरी अर्ज मुलीमार्फत. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, मीठ सरकव." मीठ त्याच्या कोपराशीच असायचं.

त्या सकाळी मुलीने जाहीर केलं, "आजपासून निरोप बंद. मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे?" दोघांनीही मनावर घेतलं नाही. जावई कामाला निघून गेल्यावर सासरे म्हणाले, "विहिरीच्या पंपाला काल नवी तार ओढलीय, त्याला फोन करून सांग." ती कपबशा उचलून आत गेली. सासऱ्यांच्या हिशेबी निरोप पोचला.

फवारणीआधी उंचावरून एक फेरी मारून तारा बघायच्या, हा त्या धंद्यातला पहिला नियम. पण ही बाग जावयाला तोंडपाठ. तो थेट शेंड्यांना घासत आला. अंगणातून सासऱ्यांना पुढचं दिसलं. त्यांनी हात हलवले नाहीत, ओरडले नाहीत. सवयीने आधी मुलीला हाक मारायला घराकडे वळले. तोवर तार हेलिकॉप्टरच्या पायात अडकली आणि यंत्र दोन झाडं घेऊन कुशीवर पडलं. जावई मनगट धरून बाहेर आला, बाकी शाबूत.

दुपारी विमान खात्याचे तपासनीस आले. जावयाचं लायसन्स आता त्यांच्या हातात.

"नवी तार आहे, हे यांना कोणी सांगितलं होतं का?"

"नाही. चूक माझी," सासरे म्हणाले.

जावई उखडला. "तुमची कशी? फेरी मी मारली नाही."

"तार कोणी ओढली?" सासऱ्यांनी विचारलं.

"बघायचं काम कोणाचं?"

"जावईबापू, मला माझी चूक तरी धड कबूल करू द्या."

तपासनीस पेन थांबवून मुलीकडे बघू लागले. ती म्हणाली, "चालू द्या. बऱ्याच वर्षांनी बोलतायत."

हंगाम संपेपर्यंत उड्डाण बंद, असा निकाल लागला. जावयाचा चेहरा पार उतरला. सासरे आडव्या झाडांकडे बघत थेट त्यालाच म्हणाले, "मनगट बरं झालं की छाटणी काढू. शिडी धराल?"

"वर मी चढतो."

"नको. तुम्ही सध्या खालीच बरे."