मागाच्या खड्ड्यातले कोंब

मंगळवार, १५ नोव्हेंबर १९७७, सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. तांडापेठेतल्या एका गल्लीत जागेश्वर हेडाऊ या विणकरानं कुऱ्हाडीचा पहिला घाव शेजारच्या बुचाच्या झाडावर घातला आणि दुसरा त्या झाडाच्या मालकाच्या खांद्यावर. तिसरा पडण्याआधी त्याची बायको तुळजाबाई दांड्याला लोंबकळली. त्यानं तिला कोपरानं झटकलं. तिचा ओठ फुटला, पण दांडा तिनं सोडला नाही.

झाडाचे मालक गोपाळराव खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, बागेचे शौकीन. दोन घरांमधल्या भिंतीलगत त्यांनी हौसेनं लावलेलं बूच बघता बघता साठ फूट गेलं. त्याची लांब देठांची पांढरी फुलं रात्री उमलायची आणि पहाटे टपाटप गळायची. नेमकी तीच वेळ जागेश्वरची, गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरून त्याला खळ लावायची. ओल्या सुतावर फूल चिकटायचं, ओढलं की धागा तुटायचा.

त्या सकाळचं बोलणं साऱ्या गल्लीनं ऐकलं होतं.

"गोपाळराव, कितीक डाव सांगू? फांद्या छाटा ना."

"फुलं पडून राहिले गा, गोटे नाही. देवाले वाहा."

"अन् माह्या मागाच्या खड्ड्यात कोंब निघाले, ते कोणाले वाहू?"

"तुह्या खड्ड्यात काय निघते, ते मले काहून पुसतं? तुह्या बायकोले पूस!"

गल्ली खो खो हसली. जागेश्वर आत गेला. माग त्याच्या बापाचा. विणकर काठावर बसणार, पाय खाली खड्ड्यातल्या पावड्यांवर. गेल्या पंधरवड्यात खड्ड्याचा तळ उकलून बोटाएवढे सात कोंब वर आले होते. छाटले की दुपटीनं फुटत. आज एकानं उजवी पावडी उचलून चिरली होती. जागेश्वर बाहेर आला तो कुऱ्हाड घेऊनच.

गोपाळराव भिंतीशी कोसळले. गळ्याजवळचं हाड उघडं पडलं होतं आणि रक्त ताण्याच्या खळीत मिसळत होतं. त्यांचा भाऊ भैयाजी लोखंडी सब्बल घेऊन हेडाऊंच्या घरात घुसला. आधी त्यानं माग फोडला, मग जागेश्वरचा गुडघा. चौघांनी आवरेपर्यंत जागेश्वरचे पुढचे दोन दात जमिनीवर होते. सातच्या सुमारास गोपाळरावांना रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

आठ वाजता हवालदार रामाजी आले. खांबाला टेकून बसलेला जागेश्वर एकच वाक्य बोलत होता. "त्याच्या झाडानं माहा माग खाल्ला."

रामाजी खड्ड्यात उतरले. एक कोंब मोडून त्यांनी पान चुरगाळलं, हुंगलं, जिभेवर ठेवलं. "वरवर पाह्यलं तं निंबासारखं वाटते. पण कडू नाही. बूच आहे हे. याचं मूळ जाईल तिथं पोरं काढते." मग ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "उद्या खणू. मूळ कुठून आलं ते पाहू."

तुळजाबाईनं ते ऐकलं. ती परसात गेली.

तीन वर्षांपूर्वी नीलाला, तिच्या लेकीला, माता निघाली होती, अंगभर देवीचे फोड. पोरगी उठली तर परसदारी निंब लावीन, पाच वर्षं त्याचं पान तोडणार नाही, असा नवस तुळजाबाईनं केला होता. नीला उठली. भिंतीच्या बुडाशी, आपल्याच बाजूला, उगवलेलं रोप तिनं उपटून परसात, मागाच्या खोलीपासून आठ हातांवर लावलं. पान निंबासारखं होतं, आणखी काय पाहायचं? रोज पाणी, मंगळवारी हळद. झाड तीन वर्षांत वीस फूट गेलं, तेव्हा मातेची कृपा म्हणून गल्लीतल्या बायका ओटी भरून गेल्या. पान मात्र कोणी तोडलं नव्हतं. कोणी चाखलं नव्हतं.

तुळजाबाईनं हात जोडले. मग पान तोडून तोंडात घातलं आणि चावलं. फुटलेला ओठ झोंबला. जिभेला रक्ताची खारट चव लागली. कडू काही लागलं नाही.

"बाई, हे झाड कोणाचं?" रामाजी मागे उभे होते.

आतून जागेश्वर ओरडला, "मातेचा निंब आहे तो! त्याले हात लावू नका!"

रामाजींनी वर शेंड्यापर्यंत पाहिलं, तिथून आठ हातांवरच्या मागाच्या खोलीकडे, मग तुळजाबाईच्या हिरव्या झालेल्या ओठांकडे.

"कडू लागते का, बाई?"

संध्याकाळी सहापर्यंत गोपाळराव शुद्धीवर आले नव्हते. जागेश्वर कोठडीत होता. खणायला दोन माणसं बुधवारी सकाळी यायची आहेत. पंचनाम्यात तुळजाबाईच्या नावापुढे तो प्रश्न लिहिलेला आहे. उत्तराची जागा कोरी आहे.