भरलेली टाकी

जुम्म्याची नमाज आटोपून तय्यब गॅरेजवर परतला, तेव्हा दारामागच्या खिळ्यावर गोकुळच्या गाडीची चावी नव्हती. शेडमधली गाडीची जागाही रिकामी होती.

यात वावगं असं काही नव्हतं. जुन्नरच्या त्या गल्लीत गिऱ्हाइकं खिळ्यावरची चावी घेत, शेजारच्या गेणभाऊंच्या टपरीवर निरोप ठेवत आणि गाडी घेऊन जात. तय्यबच्या वडिलांपासून हीच रीत होती. गेणभाऊंनी आजचा निरोप सांगितला. ओतूरचे सावळाराम, म्हणजे गोकुळचे सासरे, घाईघाईने येऊन गाडी घेऊन गेले होते. त्यांची बायको चिमाबाई आहुप्याच्या शाळेत शिकवणाऱ्या लेकीकडे, म्हणजे गोकुळच्या बायकोकडे, स्नेहलकडे, राहायला गेली होती. सकाळी ती ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं असावं. रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, ती कधी परतेल हे कुणी सांगत नव्हतं.

तय्यबची नजर कामाच्या टेबलाकडे गेली. गाडीची मूळ पुली तिथंच होती, कागदात गुंडाळलेली.

ती जुनी परदेशी गाडी गोकुळने हौसेने घेतली होती. इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर तिला कंपनीचाच होता; पण आधीच्या मालकाने त्याची पट्ट्यावर फिरणारी पुली काढून लहान बसवली होती, म्हणजे तो अधिक वेगाने फिरे. त्या ताकदीला महागडं पेट्रोल लागे आणि ते पुण्याकडे गेल्याशिवाय मिळत नसे. साधं पेट्रोल त्या दाबाखाली वेळेआधीच पेटतं आणि त्याचे हादरे पिस्टनला बसतात. आता दर आठवड्याला स्नेहल आहुप्याला गाडी नेणार होती, म्हणून सगळं मुळात होतं तसं करायचं ठरलं होतं. गाडीच्या कॉम्प्युटरमधली मूळ सेटिंग काल भरून झाली होती. पुली आज दुपारी बदलायची होती.

त्याने गोकुळला फोन लावला. गोकुळ पुण्याहून निघाला होता. काल सेटिंग झाल्याचं ऐकून त्याने सारंच काम उरकलं असं धरलं होतं आणि सासऱ्यांना सांगितलं होतं की आता कुठलंही पेट्रोल चालतं.

टाकीत तळाला महागडं पेट्रोल आहे, तेवढ्यावर हळू नेली तर निभावेल, असं तय्यब म्हणाला. त्यावर गोकुळ म्हणाला,

"त्यांनी घोडेगावला टाकी फुल केली, भाई. पंपावरून फोन आला व्हता."

तय्यबला कारण विचारावं लागलं नाही. लेकीच्या घरचा चहासुद्धा फुकट न घेणारा तो माणूस. लेकीच्या घरची गाडी तो स्वतःच्या पैशाचं पेट्रोल भरल्याशिवाय नेणार नव्हता.

सावळारामांचा फोन लागत नव्हता. डिंभ्याच्या पुढे रेंज जाते. तय्यबने पाने आणि सुरी पिशवीत टाकली आणि मोटरसायकल काढली. वाटेत प्रत्येक वळणावर त्याला वाटत होतं, पुढं धुराचा पट्टा दिसेल. पिस्टन फुटला तर त्या रस्त्यावर दुसरी गाडी संध्याकाळपर्यंत मिळणार नव्हती, आणि वर चिमाबाई पडून होती.

गाडी चढाच्या मध्यावर, कडेला उभी होती. बॉनेट उघडं होतं. सावळाराम टोपी हातात घेऊन इंजिनाकडे बघत होते.

"या तय्यबभाई," ते कोरडेपणाने म्हणाले. "नीट केली म्हणं गाडी. डब्यात खडी हलवावी तशी वाजतीय."

तय्यबने त्यांना एकदा सुरू करायला सांगितलं. जागेवर इंजिन शांत चाललं. धूर नव्हता. म्हणजे अजून काही फुटलं नव्हतं. पण चढावर पुन्हा जोर पडला की फुटायला वेळ लागणार नव्हता. पुली बदलायची तर इंजिन थंड व्हायला हवं होतं आणि तेवढा वेळ नव्हता. त्याने गाडी बंद करायला लावली, खाली वाकला आणि सुपरचार्जरचा वेगळा पट्टा सुरीने कापून काढला. आता तो फिरणार नव्हता, जादा हवा जाणार नव्हती. इंजिनाला बाजूच्या वाटेने लागेल तेवढी हवा मिळणार होती.

"काय केलं हे?" सावळारामांचा आवाज चिरका झाला. "तिकडं तिचा जीव चाललाय अन् तुमी पट्टा कापताय?"

"काम अर्धंच झालंय, मामा. तरी गाडी चालेल. हळू चालेल. मी चालवतो."

मोटरसायकल तिथंच कडेला ठेवून तो गाडीत बसला. चढ दुसऱ्या गियरमध्ये सुरू झाला. डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागला, तो तसाच राहिला. तय्यबने रेडिओ लावला नाही, पंखा लावला नाही, काचासुद्धा खाली करून ठेवल्या. त्याचे कान इंजिनाला लागले होते. सावळाराम दोनदा म्हणाले, जरा दाबा. त्याने दाबलं नाही. मग ते बोलले, तेही खिडकीबाहेर बघत.

"भरवसा व्हता म्हणून गाडी तुमच्याकडं टाकली पोरानं. अर्ध्या कामाच्या गाडीची चावी अशी टांगून ठेवत्यात व्हय?"

तय्यबच्या जिभेवर पेट्रोलची गोष्ट आली होती. टाकी भरली नसती तर इतकं झालं नसतं, हे एक वाक्य पुरेसं होतं. त्याने आरशात पाहिलं. मागच्या सीटवर म्हाताऱ्याने घरून आणलेली गोधडी आणि दोन उशा नीट रचून ठेवल्या होत्या.

"चूक माझीच," तो म्हणाला. "चावी खिशात ठेवायला हवी होती."

आहुप्याला स्नेहलने आणि शेजाऱ्यांनी चिमाबाईला फळीवरून आणून मागे निजवलं. ती कण्हत नव्हती, याचीच सगळ्यांना भीती वाटली. उतारावर तय्यबने प्रत्येक खड्डा बैलगाडीच्या गतीने ओलांडला. इंजिनाचा तो आवाज पुन्हा आला नाही. घोडेगावच्या सपाटीला तिने पाणी मागितलं, तेव्हा सावळारामांनी पहिल्यांदा सीटला पाठ टेकली.

मंचरच्या दवाखान्यात गोकुळ वाट पाहत होता. डॉक्टरांनी ऑपरेशन करावं लागेल, पण जिवाला धोका नाही, असं सांगितलं. अंगणात गोकुळने तय्यबला बाजूला घेऊन हळूच विचारलं, पेट्रोलचं सांगितलं का त्यांना. तय्यबने कापलेला पट्टा त्याच्या हातात दिला आणि नकारार्थी मान हलवली.

"नको सांगू. उद्या पुली बसवतो. मग हेच पेट्रोल चालेल."

सावळाराम बाहेर आले. ते थेट गाडीशी गेले, काचेतून आत डोकावून काटा पाहिला आणि जावयाकडे वळले.

"पाऊण टाकी हाय अजून," ते म्हणाले. "जेवढी वापरली, तेवढी उद्या भरून देतो."