शिळं पाणी

रोज सकाळी सव्वासहाला मावशी बॉयलरच्या पोटातलं अर्धी बादली पाणी काढायची आणि तेवढंच ताजं भरायची. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नाही. नवरा गेला त्या सकाळीसुद्धा आधी बादली, मग रडणं.

मावशी कुणाची सख्खी मावशी नव्हती. एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिने एकतीस वर्षं वाफेचा बॉयलर सांभाळला, आणि तिथल्या सगळ्यांनी तिला बॉयलरमावशी करून टाकलं. नातं लावलं की पगार वाढवावा लागत नाही. तिथला पहिला धडा हाच होता: कामाची पाळी सुरू झाली की आधी तळाचा नळ उघडायचा आणि साचलेला गाळ सोडून द्यायचा. गाळ राहिला तर बॉयलर फुटतो, माणसं भाजून निघतात. हे शिकवणाऱ्या फोरमनची कातडी मानेपासून कोपरापर्यंत चुरगळलेल्या कागदासारखी होती. धडा दुसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही.

निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून तोच धडा तिने घरच्या बॉयलरला लावला. हा बॉयलर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीला टांगलेलं कपाटाएवढं सव्वीस वर्षांचं धूड. पाणी तापवायचं, पाइपांतून खोल्याखोल्यांना ऊब देणाऱ्या लोखंडी रेडिएटरमध्ये फिरवायचं, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला बादलीत पाणी स्वच्छ यायचं. मग तपकिरी यायला लागलं. आता डांबरासारखं काळं यायचं. "निघतेय घाण," ती म्हणायची, आणि बादली मोरीत ओतताना तिला दिवसातलं एकमेव समाधान मिळायचं.

बाकी दिवस काटकसरीचा. हिवाळाभर ती स्वयंपाकघरातच राहायची. इतर खोल्यांचे रेडिएटर बंद, दारांखालच्या फटींत जुन्या टॉवेलच्या गुंडाळ्या, घरातही अंगावर कोट. बटाटे उकडले की त्या पाण्यावर आधी हात शेकायचे आणि मग त्यातच भांडी घासायची. चहाची पूड दोनदा उकळायची. दुसऱ्या वेळच्या चहाला ती 'पाहुण्यांचा चहा' म्हणायची, कारण पाहुणे येतच नव्हते. काटकसर ही एक कला आहे, असं तिने कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. लिहिणारा कधी कानटोपी घालून झोपला नसणार.

लेक एकच, दुसऱ्या शहरात, नवव्या मजल्यावर. गेल्या हिवाळ्यात बॉयलर दोनदा बंद पडला, मावशीच्या छातीत कफ भरला, तेव्हा लेकीने उशाशी बसून शब्द घेतला होता: आता पुन्हा बंद पडला तर हे घर विकायचं आणि तू माझ्याकडे यायचं. मावशीने तापात मान डोलावली होती.

लेकीचं घर तिला माहीत होतं. एकदा आठ दिवस राहून आली होती. बैठकीतला सोफा रात्री उघडायचा, सकाळी मिटायचा. ऊब कुठूनतरी खालून यायची, कुठून ते कुणालाच ठाऊक नाही आणि कुणाला पडलेलंही नाही. माणसं सगळी भली. तिने कप विसळायला घेतला की कुणीतरी "राहू दे, आई" म्हणायचं. झाडू घेतला, राहू दे. पडदा सारला, राहू दे. नवव्या दिवशी ती अक्षरशः पळून आली. घर गेलं तर उरलेलं आयुष्य त्या 'राहू दे'मध्ये घालवायचं, हे तिला पक्कं कळलं होतं.

लेकीचा फोन दर रविवारी. "बॉयलर काय म्हणतोय?" हा तिचा पहिला प्रश्न. जशा बायका एकमेकींना नवऱ्याच्या बीपीबद्दल विचारतात तसा.

या हिवाळ्यात एका शुक्रवारी बॉयलर बंद पडला. टक् टक् करायचा, पण पुढे घुमायचाच नाही. मावशीने त्याला थोपटलं, शिव्या दिल्या, पाणी काढलं, भरलं, पुन्हा काढलं. काही नाही. रविवारी फोन आला तेव्हा स्वयंपाकघरात तिच्या तोंडून वाफ निघत होती, बॉयलरमधून नाही.

"काय म्हणतोय?"

"घोड्यासारखा पळतोय."

"मग तुला धाप का लागलीय?"

"स्वेटर काढत होते. फार उकडतंय ग."

सोमवारी तिने निमूट मेकॅनिकला बोलावलं. गेल्या वर्षीचाच. पन्नाशीचा, बसता-उठता गुडघे वाजणारा, कमी बोलणारा. आला, बॉयलरकडे बघून म्हणाला, "हा आहे होय अजून?"

"मीही आहे. चहा घेशील?"

"गेल्या वर्षीचा तो पाहुण्यांचा असेल तर नको."

"ताजा करते. काम बघून."

त्याने झाकण काढलं, पंप सोडवला आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवला. पंपाच्या तोंडात काळा चिखल गच्च बसला होता. त्याने तो दोन बोटांत चोळून पाहिला, बराच वेळ.

"मावशी, यात पाणी कोण भरतं?"

"मी. रोज." मावशी खुर्चीत ताठ झाली. "आधी अर्धी बादली काढते, मग भरते. अकरा वर्षं झाली. एक दिवस खाडा नाही."

मेकॅनिकने बोटं फडक्याला पुसली. कुणीतरी वाईट बातमी सांगायच्या आधी हात पुसतं, तशी.

"तुमच्या इस्पितळात पाण्याची वाफ व्हायची," तो म्हणाला. "वाफ निघून जायची, गाळ मागे राहायचा. तो काढायलाच हवा."

"मला शिकवतोस?"

"नाही. तिथलं तुम्हीच मला शिकवाल. पण इथे वाफ होत नाही. तेच पाणी फिरतं, परत येतं, परत फिरतं. नव्या पाण्यात हवा असते, ती लोखंड खाते. खाऊन संपली की पाणी मरतं, आणि मेलेलं पाणी कुणाला चावत नाही. याला शिळं पाणीच मानवतं. तुम्ही रोज ताजं पाजलंत."

"आणि ही घाण? रोज निघते ती?"

"ती घाण नाही. हे तुमचे रेडिएटर आहेत, मावशी. आतून झिजून आलेले."

मघाशी त्याच्यासाठी गॅसवर चढवलेला चहा उतू गेला, तो तिने गॅस बंद न करता बघितला. हिवाळाभर काडी काडी वाचवणाऱ्या बाईने.

मग म्हणाली, "एकतीस वर्षांत माझ्या बॉयलरला सुईएवढं भोक पडलं नाही."

"त्या बॉयलरला नाही पडलं."

"मग गेल्या वर्षी थोबाड का शिवलं होतंस?"

"गेल्या वर्षी तुम्ही अंथरुणात होता. मी तुमच्या मुलीला विचारलं, पाणी कोण भरतं. ती म्हणाली, कोणी नाही, आईला सांगू नका काही, तिला उगाच काळजी."

हे ऐकून मावशीला बॉयलरपेक्षा जास्त लागलं. रोज सव्वासहाला उठून ती काय करते, हे लेकीला ठाऊकच नव्हतं. कधी विचारलं नाही, आणि हिनेही सांगितलं नाही. कोण सांगतं, मी श्वास घेते म्हणून?

मेकॅनिकने कुणाच्या तरी भंगारातून काढलेला, पण धडका पंप बसवला. बॉयलर घुमला. जाताना तो दारात थांबला.

"हा हिवाळा काढेल. पुढचाही काढेल कदाचित. पण हात लावायचा नाही. दाबाचा काटा एकच्या खाली गेला तर मला फोन करायचा. भरायचं नाही, काढायचं तर नाहीच. नळाची मूठ काढून नेऊ का?"

"राहू दे. मी काय चोर आहे?"

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला तिचे पाय स्वयंपाकघराच्या मधोमध येऊन उभे राहिले. बॉयलर त्याचं त्याचं चाललेला. काटा दीडवर. ती खुर्चीत बसली. हात मांडीवर ठेवले, ते तिथे परक्याचे वाटले. सात वाजले, आठ वाजले. मग ती उठली आणि बंद खोल्यांत जाऊन एकेक रेडिएटर हाताने चाचपून आली, आपणच मारलेल्या पोराच्या पाठीवर वळ शोधावेत तशी.

धुलाईघरातला शेवटचा दिवस तिला आठवायचा नव्हता, तरी आठवला. साहेब म्हणाले होते, नवा बॉयलर येतोय, सगळं आपोआप, त्याला माणूस लागत नाही. असं म्हणून त्यांनी तिला भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. ज्या माणसाला आता वेळेवर कुठे जायचंच नाही, त्याला ही लोकं घड्याळ देतात. तेव्हा ती मनातल्या मनात म्हणाली होती, तुमचा खड्ड्यात गेला, माझा घरी आहे. आता घरचाही तेच म्हणत होता.

काटा मात्र हळूहळू उतरत होता. दीड, सव्वा, एक. रविवारी दुपारी तो एकच्याही खूप खाली गेला, लाल दिवा लागला आणि घुमणं थांबलं. मेकॅनिक फोनवर म्हणाला, "उद्या सकाळी येतो. तोवर कोट घाला."

लेकीच्या फोनला तासभर होता. मावशीने भरायच्या नळावर हात ठेवला. अर्धा वळसा. पेलाभर पाणी. काटा वर चढेल, बॉयलर घुमेल, फोनवर घुमणं ऐकूही जाईल, घर वाचेल. पेलाभर पाण्याने काही बिघडत नाही, हे मेकॅनिकनेही कबूल केलं असतं. पण मावशी स्वतःला ओळखून होती. आज पेला, उद्या बादली. पिणारा माणूसही घोटापासूनच पुन्हा सुरू करतो. तिने हात काढला आणि कोटाच्या खिशात कोंबला.

फोन वाजला.

"बॉयलर काय म्हणतोय?"

"बंद आहे."

पलीकडे कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. "कधीपासून?"

"दुपारपासून. आणि मागच्या खेपेला घोडा म्हणाले ना, तेव्हाही बंदच होता. खोटं बोलले. आणि ऐक, तो म्हातारा झाला म्हणून नाही बिघडला. मी बिघडवला. रोज पाणी बदलून बदलून. अकरा वर्षं."

"रोज? कशाला पण?"

"कामाला."

लेक हळू आवाजात, समजूत घालायच्या सुरात, "आई, तू शब्द दिला होतास."

"दिला होता. आता मोडते. तापातल्या माणसाकडून घेतलेला शब्द तो, तूच विचार कर काय किमतीचा. घर विकायचं नाही. थंडी वाजेल, वाजू दे. तू न्यायला येणार असशील तर येऊ नकोस. नुसती येणार असशील तर ये."

"नुसती म्हणजे?"

"म्हणजे बसायला."

"आई, इथे मुलांच्या परीक्षा, यांची फिरतीची नोकरी, मी नुसती कशी येऊ?"

"हो ना," मावशी म्हणाली. "तेच."

"बरं. कर तुझ्या मनासारखं," लेक म्हणाली. रागावून नाही. सुटल्यासारखी. त्या आवाजातली सुटका मावशीने नीट ऐकली. कान तिचे चांगले होते, एकतीस वर्षं वाफेची गळती ऐकलेले.

सोमवारी मेकॅनिक आला. मधल्या बंद खोलीत रेडिएटरच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं. त्याने सांधा सोडवून नवा वायसर घातला, आवळला, काटा दीडवर आणून ठेवला. त्यानंतर काटा जागचा हलला नाही. आठवडा गेला, महिना गेला. घर राहिलं. रविवारचा फोन यायचा, पण आता विचारायला काही नव्हतं. "बाकी?" लेक म्हणायची. "बाकी काही नाही," मावशी म्हणायची. मग दोघी थोडा वेळ एकमेकींचा श्वास ऐकायच्या आणि लेक म्हणायची, चल, ठेवते.

एका सकाळी सव्वासहाला खुर्चीत बसवेना म्हणून मावशी कोट घालून बाहेर पडली. ही वेळ तिने एवढ्या वर्षांत कधी रस्त्यावरून पाहिलीच नव्हती. पाववाल्याची गाडी उभी होती, दिवे अजून जळत होते. ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तिथल्या फुटपाथवर एक झाडूवाली बाई पानं गोळा करत होती. तिने मान वर केली.

"काही हरवलं का, मावशी?"

मावशी हे ऐकून दचकली. या बाईला कोणी सांगितलं आपल्याला मावशी म्हणतात म्हणून? मग तिच्या लक्षात आलं, म्हाताऱ्या बाईला सगळेच म्हणतात.

"नाही. अशीच. रोज या वेळेला येतेस?"

"रोज. नाही आले तर कोण झाडणार?"

मावशीला तिचा इतका हेवा वाटला की ती दुसरीकडे बघायला लागली. समोर तिचंच घर होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या धुराच्या नळकांड्यातून पांढरी वाफ निघत होती, शांत, एकसारखी, थंड हवेत वर जाऊन विरत होती. चांगली जळत होती आतली ज्योत. कामगारणीच्या नजरेने तिने ते पाहिलं आणि तिला त्यात खोड काढता येईना.

झाडूवाली तिच्या नजरेमागे वळून बघत म्हणाली, "त्या घरात कोण उठलंय बाई एवढ्या लवकर? ऊब चाललीय बघा."

"कोणी नाही," मावशी म्हणाली.

बाईने खांदे उडवले आणि पुन्हा झाडायला लागली. पानांच्या ढिगाला पाय लागू नये म्हणून मावशी एक पाऊल मागे सरली आणि बाई पुढच्या दारापर्यंत झाडत जाईपर्यंत तिथेच उभी राहिली.