सातच्या खाली

मोहिनीला उचलून बाहेर आणलं तेव्हा तिचं पाऊल घोट्यापासून आत वळलेलं होतं. मोतीलालने तिला रेषेबाहेर निजवलं आणि मैदानात उरलेल्या पोरी मोजल्या. सात. पंचाने जवळ येऊन सांगितलं की आता एक जरी कमी झाली तर सामना थांबेल आणि धुळ्याला दिला जाईल. हे मोतीलालला माहीत होतं. धुळ्याच्या पोरींनाही माहीत होतं.

उपांत्य सामन्यात भुसावळचं कॉलेज एका गोलने पुढे होतं आणि बारा मिनिटं उरली होती. प्राचार्यांनी आधीच बजावलं होतं, विद्यापीठाच्या स्पर्धेत यंदा अंतिम फेरी गाठली तरच मुलींचा फुटबॉल संघ राहील, नाहीतर बंद. हा संघ अकरा वर्षांपूर्वी सुलक्षणाने उभा केला होता. ती मोतीलालची बायको, कॉलेजात खेळाची मॅडम. फेब्रुवारीत ती वारली. रेल्वेच्या शेडमध्ये फिटर असलेला मोतीलाल रजा टाकून तिच्या जागी रेषेवर उभा होता.

अकराऐवजी आठच पोरी आल्या होत्या. सुलक्षणा दरवर्षी सावद्याला, बोदवडला पोरींच्या घरी जायची, थेट स्वयंपाकघरात बसून चहा घ्यायची आणि आईला सांगायची की तुमची पोरगी माझ्या शेजारी झोपेल. मोतीलालला लोकांनी ओसरीवर बसवलं. कॉलेजने सोबत एक कारकून बाई दिली होती, पण तिला कोणी ओळखत नव्हतं. सावद्याच्या धुरपदाबाई दाराआडूनच म्हणाल्या, "मॅडम होत्या तवा गोष्ट येगळी होती, भाऊ. आता पोरीले कोनाच्या भरोशावर धाडू?"

धुळ्याची कॅप्टन मेघा अंगाने दणकट होती. मोहिनीला तिनेच पाडलं होतं आणि पंचाने नुसता फाउल देऊन सोडलं होतं. आता आणखी एकीलाच बाहेर काढायचं होतं. ती आपल्या पोरींना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आखो एक पाडा, मंग बठ्ठं खलास शे."

त्यानंतर चेंडूकडे कोणी फारसं बघितलं नाही. गोलकीपरच्या बरगडीत गुडघा बसला, ती ओकली आणि परत उभी राहिली. एकीची वेणी धरून तिला मागे ओढलं. एकीच्या नडगीवर बुटाचे खिळे उतरले, मोजा रक्ताने भिजला, तरी ती लंगडत खेळत राहिली. दर वेळी पोरगी पडली की मोतीलाल रेषेवर एक पाऊल पुढे यायचा आणि ती उठली की मागे जायचा. पंच शिट्टी वाजवायचा, हात दाखवायचा आणि पुढे जायचा.

मग मेघाचं कोपर दिपमालाच्या तोंडावर बसलं. दिपमाला मोतीलालची मुलगी, संघाची कॅप्टन. चेंडू लांब बाहेर गेला होता, तेवढ्यात ती पाण्यासाठी रेषेवर आली. तिने चूळ भरून टाकली, त्यात दाताचा तुकडा होता.

"पाच मिनिटं राहिली, पप्पा," ती म्हणाली. "घेतो आम्ही अंगावर. कोणी पडून राहणार नाही."

मोतीलालने तिचं फुटलेलं तोंड बघितलं. फेब्रुवारीपासून त्याला कोणाला तरी मारायचं होतं आणि मारण्यासारखं कोणी सापडत नव्हतं.

"किती घेशील अंगावर? पाय घे तिचा."

"कार्ड मिळेल मला."

"त्यांना मिळालं का एक तरी? पंच आंधळा आहे. मी सांगतो ना, घे."

दिपमाला आत गेली.

मेघा चेंडू घेऊन मधून आली. दिपमाला समोरून धावली आणि चेंडू सोडून दोन्ही पायांनी तिच्या नडगीवर उतरली. कापसाची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. मेघाचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला. ती किंचाळायला लागली आणि थांबेचना.

या वेळी पंचाने बघितलं. त्याने लाल कार्ड काढलं, उरलेल्या पोरी बोटाने मोजल्या आणि सामना संपल्याची शिट्टी दिली. सहा.

मोतीलाल धावत आत गेला. सांगणारा मी आहे, माझं नाव लिहा, असं तो पंचाला पुन्हा पुन्हा म्हणाला. पंच म्हणाला की कागदावर खेळाडूचंच नाव जातं, आणि लिहीत राहिला.

दिपमाला गवतात बसली होती. बापाकडे न बघता ती म्हणाली, "आम्ही सात टिकलो असतो, पप्पा."

स्ट्रेचर आलं, पण उचलायला एकच माणूस होता. मोतीलालने मागची बाजू धरली. मेघाने डोळे उघडले, तो कोण आहे ते ओळखलं आणि त्याच्या तोंडावर थुंकली. त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. तो तसाच, पाय हलू नये म्हणून हळूहळू चालत, तिला फाटकापर्यंत घेऊन गेला.