सभापतींमार्फत

लॉइसनं टेबलावर लाकडी हातोडी आपटली, तेव्हा तिचा धाकटा भाऊ मर्ल बोट रोखून उभा होता आणि थोरला एल्डन, गावचा कॉन्स्टेबल, छताकडे बघत बसला होता.

"थेट बोलायचं नाही, मर्ल. जे काय ते माझ्यामार्फत."

"बरं. सभापतीबाई, त्या कॉन्स्टेबलसाहेबांना विचारा, पुलावर कॅमेरा लावून ते नजर ठेवणार कुणावर? इथं राहतो कोण? आपणच ना?"

शाळेच्या व्यायामशाळेत हशा पिकला. मार्चातल्या गावसभेत माणसांनी एकमेकांशी बोलायचं नाही, सभापतीशी बोलायचं, ही अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली त्यांच्या पणज्यांपासूनची रीत. भांडण हातघाईवर येऊ नये म्हणून कुणा शहाण्यानं घालून दिलेली. लॉइसच्या भावांना ती भलतीच सोयीची पडली होती. दोघांमधून विस्तव जात नव्हता. आज निदान तिच्या डोक्यावरून का होईना, बोलत तरी होते.

कारण काय, तर दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एल्डननं पुलाशी हात दाखवून मर्लची गाडी थांबवली. मागचा दिवा बंद होता. थांबवली तर थांबवली, वर खिडकीशी येऊन लायसन्स मागितलं. सख्ख्या भावाला! आणि भाऊ कोण, तर सरकारचं नुसतं नाव काढलं तरी ज्याच्या नाकाला मिरच्या झोंबतात असा. मर्लनं लायसन्स दाखवलं आणि त्या दिवसापासून एल्डनचं तोंड पाहायचं सोडलं. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगला लॉइस टर्की एकदा भाजायची आणि जेवण दोनदा वाढायची, एल्डनला दुपारी आणि मर्लला रात्री. या दोनदा वाढण्याचा तिला अगदी वीट आला होता. दोघं एका टेबलाशी बसावेत, एवढंच तिला हवं होतं, पण दोघंही हट्टाला पेटलेले, तिथं ती काय करणार?

एल्डन उठला. "सभापतीबाई, त्यांना सांगा, वर्षभरात तीन उंच ट्रक आपल्या जुन्या लाकडी पुलावरचं छप्पर फोडून गेले. फोनमधली रस्ता दाखवणारी बाई सांगते इकडून जा, की हे निघाले. फोडतात आणि पळतात. नंबर मिळाला तर भरपाई मागता येईल. यात कुणाच्या स्वातंत्र्याला काय धक्का लागतोय?"

"त्यांना सांगा, स्वातंत्र्य एकदम जात नाही. आज ट्रक, उद्या ट्रॅक्टर, परवा मी."

"तुला बघायला कुणाला वेळ आहे?" मागून कुणीतरी म्हणालं. लॉइसनं त्यालाही हातोडी ऐकवली.

मग गिलियननं हात वर केला. ती लग्न होऊन इंग्लंडहून आलेली. "आमच्याकडे खांबाखांबावर कॅमेरा आहे. माझी सायकल अगदी कॅमेऱ्याच्या नाकाखालून गेली. पोलिसांनी मला बोलावून चोरीचं चित्रण दाखवलं. सुरेख आलं होतं. सायकल काही आली नाही."

"म्हणजे तुम्ही विरोधात?"

"छे, बाजूनं. मी इथं नवीन. कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हटलं की जरा बरं वाटतं."

"सभापतीबाई, त्यांना सांगा," मर्ल म्हणाला, "त्याला कॅमेरा कशाला? शुक्रवारी त्यांचा केक करपला, ते अख्ख्या गावाला माहीत आहे."

गिलियनसुद्धा हसली. मर्लला चेव आला. "आणि कॉन्स्टेबलसाहेबांना विचारा, रोज पाचला ते पुलाशी खुर्ची टाकून बसतात, ते कशाला? त्या पुलावर ट्रक गोगलगायीसारखा चालतो. नंबर वाचायला काय होतं?"

 एल्डन टोपी हातात घेऊन तिची कड फिरवत राहिला.

"विचारा ना. दिसत नाही का?"

"सांगा त्यांना, नाही दिसत," एल्डन म्हणाला.

लॉइसला वाटलं, तो टोमणा मारतोय. पण त्याचा चेहरा तसा नव्हता.

"ऊन उतरलं की दिसत नाही. गाडी आली एवढं कळतं. आत कोण बसलंय ते कळत नाही. डॉक्टर म्हणतात, आता हे असंच राहायचं. म्हणून बायको न्यायला येते. मी तुम्हाला सांगत होतो, तिला फिरायला आवडतं म्हणून."

कुणी हसलं नाही. मर्ल उभाच होता. त्यानं बोट खाली घेतलं. 

"सभापतीबाई," तो हळूच म्हणाला, "त्यांना विचारा, त्या दिवशी माझं लायसन्स मागितलं, ते..."

लॉइस एल्डनकडे वळली. "एल्डन, हे विचारतायत की..."

"ऐकलं मी. सांगा त्याला, ओळखलं नाही. लायसन्सवर बॅटरी मारली तेव्हा नाव वाचलं. मग बोलणार काय? पाठच्या भावाला ओळखलं नाही, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हटलं, कायदा सगळ्यांना सारखा."

"गाढवा," मर्ल सरळ त्याच्याकडे बघून म्हणाला. "दोन वर्षं मी तुला गावभर हुकूमशहा म्हणत फिरलो."

"माझ्या कानावर आलं ते."

"मग सांगायचं नाहीस?"

"हुकूमशहा बरा वाटला. आंधळ्यापेक्षा."

लॉइसनं हातोडी बाजूला सारली आणि पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"उद्या पाचला मी येतो," मर्ल म्हणाला. "मी नंबर वाचीन, तू लिही. पण ट्रकचाच. गावातलं कोण कुठं निघालंय ते मी बघणार नाही, आणि बघितलं तरी विसरेन. विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही, माझ्या बायकोला विचार."

त्या बाईंनी शेवटच्या रांगेतून जोरात मान डोलावली.

मत घेतलं तेव्हा कॅमेऱ्याच्या बाजूनं एकट्या गिलियनचा आवाज आला. सगळ्यांत मोठ्यानं "नाही" म्हणाला तो एल्डन. मग जेवणाची सुट्टी झाली.

लॉइस शाळेच्या स्वयंपाकघरात, पायऱ्यांकडच्या उघड्या खिडकीशी उभी राहून बीन्स वाढत होती. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. बाहेर पायऱ्यांवर दोघं भाऊ खांद्याला खांदा लावून उभे होते.

"ती टोकाची निळी. वाच," एल्डन म्हणाला.

निळी गाडी लॉइसचीच होती. मर्लनं डोळे बारीक केले, मान वाकडी केली, आणि खणखणीत आवाजात तिचा नंबर वाचला. पहिलं अक्षर चुकलं. शेवटचे दोन्ही आकडे चुकले.

"बरोबर?" मर्लनं विचारलं.

"अगदी बरोबर," एल्डन म्हणाला. "माझं अर्धं काम झालं बघ."

लॉइसनं डाव खाली ठेवला आणि रांगेतल्या कुणी ऐकायच्या आत खिडकी ओढून घेतली.

"काय झालं गं?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "वारं येतंय."